गांडुळांना नक्की खायला काय घालायचं? (सासूबाई, मसालेभात आणि द्राक्षं)

सिडकोची_गच्ची | १४ मार्च, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या. झालं असं की महिन्याभरापूर्वी हौसेने पाव किलो गांडुळं आणली, रंगाची २० लिटरची रिकामी बादली होती तिला बुडाला आणि बाजूने भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग जुनं शेण आणि कोकोपीट, असं सगळं व्हिडिओत बघून केलं. पहिले पंधरा दिवस एकदम मस्त गेले. मग घरात सगळ्यांनाच त्यांची माया यायला लागली. मी केळीची सालं घालायची, मुलगा गुपचूप बिस्किटं, आणि सासूबाई रात्रीचा उरलेला भात, का तर "बिचाऱ्या मुक्या जिवांना नुसती सालं काय घालतेस". गेल्या रविवारी पाहुणे होते, मसालेभात ढीगभर उरला, आणि पेटीतली दबून खराब झालेली द्राक्षं होती दीडेक किलो, तीपण त्यातच गेली.

काल झाकण काढलं तर झाकणाला आतून गांडुळंच गांडुळं चिकटलेली, काही भोकांतून बाहेर पडून फरशीवर वाळून काडी झालेली. आत हात घातला तर गरम!! वास म्हणाल तर ताडीसारखा आंबूस. चिलटांचा ढग उठला तो वेगळाच. आणि दोन-तीन गांडुळं अशी दिसली की अंग जागोजागी फुगलेलं आणि मध्ये आवळलेलं, मण्यांची माळ असते ना तसं. ही जगतील का? आणि मुख्य म्हणजे यांना घालायचं तरी काय? एक व्हिडिओ म्हणतो कांदा अजिबात नको, दुसरा म्हणतो सगळं चालतं. नाशकात राहून कांदा नको म्हटलं तर ओल्या कचऱ्यात उरतं काय!

तर्रीदार | १४ मार्च, रात्री १०:५९

मसालेभात दिला आणि मठ्ठा दिला नाही, म्हणून वर येऊन वाट बघत बसली असतील.

ओला_कचरा | १४ मार्च, रात्री ११:२०

तर्री, गप रे. ताई, आधी औषधपाणी, आहाराचं मग बोलू.

भात आणि द्राक्षं हाताला लागतील तेवढी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. फेकू नका, एखाद्या मोठ्या कुंडीत मातीखाली पुरून टाका. बादलीतला सगळा माल घमेल्यात पसरून अर्धा तास गार होऊ द्या. तोवर वर्तमानपत्राच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडा, पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि मोकळ्या करून अर्धी बादली होईल एवढ्या भरा, त्यावर हा माल सोडा. प्लास्टिकचं झाकण आता नको, ओलं गोणपाट टाका. आणि दोन-तीन रात्री बादलीवर बल्ब चालू ठेवा. गांडुळांना डोळे नसतात पण कातडीला उजेड कळतो, उजेडात ती बाहेर यायला बघत नाहीत.

त्यानंतर आठ-दहा दिवस काही म्हणजे काही घालायचं नाही. उपाशी मरणार नाहीत, ती आपलं अंथरूणच खातात, कागद काय शेण काय.

मण्यांची माळ झालीय ती बहुतेक वाचणार नाहीत, काढून टाका. जास्त पिठूळ किंवा प्रथिनांचं खाणं पोटात आंबतं, त्याने असं होतं. मीही हे बघितलंय. माझ्याकडे पनीर होतं, बाकी गोष्ट सेम.

सिडकोची_गच्ची | १४ मार्च, रात्री ११:४१

बाप रे. आत्ता रात्री गच्चीत टॉर्च तोंडात धरून घमेलं घेऊन बसलेय, समोरच्या बिल्डिंगमधले बघतायत. नवरा म्हणतो पोलिसांना फोन जाईल.

अण्णा_पंचवटी | १५ मार्च, सकाळी ६:१०

बाई, तुम्ही रात्रीत केलंत हे चांगलं केलंत. आमचं सांगतो. रिटायर झाल्यावर मीपण हा उद्योग सुरू केला, पण विकत कशाला घ्यायची म्हणून पावसाळ्यात अंगणात निघाली ती गांडुळं गोळा करून पिंपात टाकली. पंधरा दिवसांत एक दिसेना. मला वाटलं पिंपात गुण नाही.

बाई_जीवशास्त्राच्या | १५ मार्च, सकाळी ७:३५

पिंपाचा दोष नाही अण्णा. तुमची ती मातीत खोल बिळं करून राहणारी, त्यांना माती लागते आणि माती खाऊनच त्यांचं चालतं. कुजणाऱ्या ढिगात वरवर राहणारी जात वेगळी. आपल्याकडे खतासाठी देतात ती बहुतेक आयसेनिया फेटिडा, लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेली, किंवा मग युड्रिलस युजेनी, ती जरा लांब आणि जांभळट चमकणारी. यांना पाचोळा, शेण, भाजीपाला असं कुजकं लागतं.

आणि धाग्याचा जो प्रश्न आहे त्याचं उत्तर यातच आहे असं मला वाटतं. आपण म्हणतो गांडूळ सालं खातं. ते सालं खातच नाही हो! त्याला दातच नाहीत. साल सडायला लागली, तिच्यावर बुरशी आणि जिवाणू चढले, त्यांनी ती मऊ लगद्यासारखी केली, की तो लगदा त्या जिवाणूंसकट ते गिळतं. पुढे पक्ष्यांना असते तशी एक पेषणी असते पोटात, तिच्यात वाळूच्या कणांनी दळलं जातं. म्हणून ताजी कडक साल टाकली की आठवडाभर तशीच पडून असते आणि आपल्याला वाटतं यांना आवडली नाही, मग आपण दुसरं काहीतरी चमचमीत टाकतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

ओला_कचरा | १५ मार्च, सकाळी ९:०२

बाईंना +१००. मी दोन डबे ठेवतो ते याचसाठी. पहिल्या डब्यात दिवसाचं सगळं चिरून, वर मूठभर सुका पाचोळा किंवा पुठ्ठ्याचे तुकडे, असं दहा-बारा दिवस नुसतं पडू द्यायचं. जी काही गरमी निघायची ती तिथेच निघून जाते. मग त्यातलं अर्धवट कुजलेलं गांडुळांना. फ्रीझरमध्ये जागा असेल तर सालं रात्रभर गोठवून बाहेर काढा, गचगचीत होतात, त्यांना तेच हवं असतं. पण आमच्या घरी फ्रीझरमध्ये केळीची सालं बघून जे महाभारत झालं ते लिहीत नाही.

प्रमाणाचं सांगायचं तर पुस्तकात असतं की गांडूळ रोज आपल्या वजनाच्या अर्ध्याइतकं खातं. ते सगळं जमून आलेल्या बादलीत. तुमची आता पाव किलोपण राहिली नसतील, म्हणजे रोजचं १०० ग्रॅम ही वरची हद्द, सुरुवातीला त्याच्या निम्मं. मूठभर म्हणा ना. चार माणसांच्या घरातला अख्खा ओला कचरा पाव किलो गांडुळं संपवतील असं जे विकणारे सांगतात ते काही खरं नाही. आधी घातलेलं ओळखू येईनासं झालं की मगच पुढचं घालायचं, आणि घालायचं ते एका कोपऱ्यात, पुढच्या वेळी दुसऱ्या कोपऱ्यात. सगळीकडे पसरलं तर बिघडल्यावर पळायला त्यांना जागाच राहत नाही.

गुलमोहर_नाशिकरोड | १५ मार्च, दुपारी १:१५

वाचनखूण साठवली. पण कांद्याचं राहिलंच की! मलापण तेच हवंय, आमच्याकडे आठवड्याला दोन-अडीच किलो कांदा लागतो.

निफाडचा_बागाईतदार | १५ मार्च, रात्री ९:३०

कांद्याचं आमच्याकडून ऐका, लासलगाव बाजार समिती आमच्यापासून हाकेवर. कांद्याचे दोन भाग धरा. वरचा वाळलेला पापुद्रा म्हणजे कागदच, तो बिनधास्त घाला, कुजायला वेळ लागतो एवढंच, उलट ओल शोषायला बरा. आतला ओला कांदा, चिरताना फेकतो ती बुडं-शेंडे, साठवणीच्या चाळीत सडलेला कांदा, हे मात्र बादलीत जास्त गेलं की गंधकाचा असा दर्प सुटतो की गांडुळं सोडा माणसं घर सोडतील. आमच्या शेतातल्या गांडूळखताच्या मोठ्या बेडला चाळीतला खराब कांदा आम्हीपण घालतो, पण आधी शेणात महिनाभर कुजवून.

द्राक्षाचं पण सांगतो कारण ताईंनी नेमकं तेच केलंय. द्राक्षात साखर किती, ती आंबली की तुमच्या बादलीत घरगुती वाइनरी चालू. गरमी, आंबटपणा, चिलटं सगळं एकदम. चार-सहा मणी फोडून कागदात गुंडाळून घातले तर काही होत नाही, दीड किलो म्हणजे अतीच.

आणि एक, हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय. आता एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू होईल, बांधावर द्राक्षाच्या पानांचे ढीग पडतात, शहरातले लोक फुकट पाचोळा म्हणून पोती भरून नेतात. बागेवर बोर्डो मारतात, बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, मोरचूद म्हणजे तांबं. तांबं गांडुळाला बाधतं आणि ते कुजून जात नाही, साठत राहतं. बागेचा पालापाचोळा घरच्या छोट्या बादलीत नकोच. रस्त्याकडेचा आंबा, बदाम, पिंपळ यांचा वाळका पाला घ्या, निलगिरी आणि कडुलिंब सोडून.

तर्रीदार | १५ मार्च, रात्री ९:४४

घरगुती वाइनरी!! हसून हसून पुरेवाट. सिडकोत टेस्टिंग टूर सुरू करा ताई, भारताची वाइन राजधानी आहोत आपण उगाच नाही.

बाई_जीवशास्त्राच्या | १५ मार्च, रात्री १०:२०

कांद्यावरून आठवलं. डार्विनने घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली होती आणि त्यांना काय आवडतं ते बघत बसायचा. १८८१ साली, म्हणजे जायच्या आदल्या वर्षी, त्याचं गांडुळांवरचं पुस्तक आलं. त्यात कोबी, गाजराची पानं आणि कांदापण त्यांच्या आवडीच्या यादीत आहे! थाईमसारख्या उग्र वासाच्या पानांना मात्र जवळजवळ तोंड लावलं नाही. अर्थात त्याची गांडुळं मातीतली, कुंडीतली, आणि कांद्याचा तुकडा एवढासा. बंद बादलीत किलोभर कांदा ही गोष्ट वेगळी.

अवांतर: त्याने त्यांच्यापुढे बसून वाद्यंही वाजवायला लावली, ऐकू येतं का बघायला. ढिम्म. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला की झटक्यात बिळात. म्हणून मिक्सर ठेवता त्या ओट्याखाली किंवा वॉशिंग मशीनशेजारी बादली ठेवू नका, त्यांना हादरे कळतात.

गुलमोहर_नाशिकरोड | १६ मार्च, सकाळी ८:०५

आमची वॉशिंग मशीनशेजारीच आहे 😬 हलवते.

चहाचा चोथा चालतो ना? तो सगळ्यात जास्त निघतो आमच्याकडे, दिवसाला सहा वेळा चहा.

ओला_कचरा | १६ मार्च, सकाळी ८:४०

चालतो, आवडतोही. पण आपला चहा म्हणजे दूध-साखरेत उकळलेला, तसाच टाकला तर मुंग्यांची रांग आणि नासक्या दुधाचा वास. गाळणीतच नळाखाली धरायचा, पाणी स्वच्छ पडेपर्यंत, मग पिळून. आलं किसून घालत असाल तर तो चोथा थोडाच. टी-बॅग असली तर फाडून आतलं घाला, पिशवी बऱ्याचदा प्लास्टिकची असते.

अण्णा_पंचवटी | १६ मार्च, सकाळी ९:५५

निर्माल्याचं विचारायचं होतं. आमच्याकडे रोजचा हार, शिवाय शेजारच्या देवळातलं गुरुजी आणून देतात, गोदेत नको म्हणून. पाण्यात टाकण्यापेक्षा हे बरं ना?

ओला_कचरा | १६ मार्च, सकाळी १०:३०

शंभर टक्के बरं अण्णा, पण दोरा आणि जरीची झालर आधी काढा. एकदा मी काढला नाही, महिन्याने खत चाळायला घेतलं तर नायलॉनच्या दोऱ्यात गुंतलेली गांडुळं सोडवत बसलो, एकेक करून, सुईत दोरा ओवावा तसं उलटं. झेंडू पाकळ्या सुट्ट्या करून घाला, बुडाचा हिरवा भाग कुजायला वेळ घेतो. दूर्वा, तुळस थोडी चालते, बेलाचं पान चिवट, ते पहिल्या डब्यात. हळदकुंकू, कापूर, उदबत्तीची राख नको. पंचामृत लागलेलं तर नकोच, पाण्यातून काढून घ्या.

पाथर्डी_फाटा | १७ मार्च, रात्री ८:१२

मध्येच शिरतोय. कोणी अंड्याच्या टरफलाबद्दल बोललं नाही? वाळवून मिक्सरला एकदम पीठ करून आठवड्याला चमचाभर भुरभुरायचं, आंबटपणा कमी होतो आणि बाई म्हणतात त्या पेषणीला दळायला कण मिळतात. नुसतं हाताने चुरून टाकलं तर वर्षभर तसंच राहतं, कुंडीत अंड्याचे तुकडे चमकत बसतात.

सिडकोची_गच्ची | १७ मार्च, रात्री ८:५०

आमच्याकडे अंडं चालत नाही हो. सासूबाई म्हणाल्या खायचा चुना टाकू का, पानाच्या डब्यातला?

बाई_जीवशास्त्राच्या | १७ मार्च, रात्री ९:०५

नको नको नको! थांबवा त्यांना. तो चुना फार दाहक, आपलं तोंड भाजतं की जास्त झाला तर, आणि गांडूळ तर ओल्या कातडीनेच श्वास घेतं. मीठ, चुना, लोणच्याचा खार, तिखट, तेल हे सगळं त्या कातडीला लागतं म्हणून वाईट. मसालेभाताने दुहेरी मार दिला तो असा, एक तर भात आंबला, वरून मीठ-तेल-मसाला. तुम्ही मूठभर धुतलेली वाळू घाला, दळायचं काम भागेल, आणि आंबटपणासाठी कागद-पुठ्ठा वाढवा, खाणं कमी करा. बारीक पांढऱ्या दोऱ्यासारखे किडे दिसायला लागले तर समजा अजून आंबट आहे. ती गांडुळांची पिल्लं नव्हेत, बऱ्याच जणांना तसं वाटतं. पिल्लंही बारीक असतात पण लालसर असतात.

सिडकोची_गच्ची | २५ मार्च, रात्री १०:१५

अपडेट. दहा दिवस उपास पाळला. सासूबाई रोज सकाळी बादलीपाशी जाऊन "आज पण नाही का गं" असं विचारायच्या, मला अगदी जाच करणाऱ्या सुनेसारखं वाटायला लागलं. आज गोणपाट काढलं. वास गेला, पावसाच्या पहिल्या सरीला येतो तसा मातीचा वास. कागदाच्या पट्ट्या कडेने कुरतडल्यासारख्या झाल्यात. निम्मी तरी वाचलीत असं वाटतंय. एका कोपऱ्यात दुधी भोपळ्याची सालं, बारीक चिरून, तीन दिवस डब्यात मुरवलेली, मूठभर घातली आणि वर कागद.

आणि हे ऐका, कागदाच्या घडीत मोहरीपेक्षा जरा मोठे, पिवळसर, एका टोकाला निमुळते असे दाणे सापडले सात-आठ. लिंबाच्या आकाराचे अगदी. अंडी का?

बाई_जीवशास्त्राच्या | २५ मार्च, रात्री १०:३१

कोष! अभिनंदन! एकेकातून दोन-चार पिल्लं निघतात, साधारण तीन आठवड्यांत. लालसर दिसायला लागले की समजा निघायला आलीत. हलवू नका, कागदासकट तिथेच राहू द्या.

तर्रीदार | २५ मार्च, रात्री १०:३३

बारशाला मसालेभात करू नका म्हणजे झालं.

निफाडचा_बागाईतदार | २६ मार्च, सकाळी ६:४०

आता पुढचे दोन महिने पाण्याकडे बघा. बादली गच्चीवर असेल तर उचलून खाली आणा, एप्रिल-मेला पारा चाळिशीला टेकतो आणि आत ३५ च्या वर गेलं की फेटिडा काही टिकत नाही. आमच्याकडे थंडीत पारा पार उतरतो, तेव्हा ती मरत नाहीत, सुस्तावतात आणि खाणं कमी करतात, पण उन्हाळा जीव घेतो. गोणपाट दिवसातून दोनदा ओलं. मातीला वाफसा असतो ना तेवढी ओल पाहिजे, मूठ दाबली तर एक-दोन थेंब, धार लागली तर जास्त झालं. उन्हाळ्यात कलिंगडाची सालं निघतील, आतला पांढरा भाग तुकडे करून पालथा ठेवा, दोन दिवसांनी उचलून बघा खाली काय गर्दी असते. पण कलिंगडाला पाणी फार, त्या दिवशी वरून पाणी मारू नका आणि सुका कागद जोडीला घाला.

गुलमोहर_नाशिकरोड | २६ मार्च, सकाळी ११:००

मला खाली जमा होणारं तपकिरी पाणी हवंय, व्हर्मीवॉश, गुलाबाला. कलिंगड घातलं की जास्त येईल ना?

ओला_कचरा | २६ मार्च, दुपारी १२:१०

ते व्हर्मीवॉश नव्हे, ते सडक्या भाजीचं सुटलेलं पाणी. व्हर्मीवॉश म्हणजे तयार गांडूळखतातून, गांडुळं असलेल्या बेडमधून सावकाश ठिबकवलेलं पाणी. तुमच्या बादलीतून धो धो येत असेल तर ती ओल जास्त झाल्याची तक्रार आहे. गुलाबाला घालायचंच तर वास घेऊन बघा, घाण येत असेल तर ओतून द्या, नाहीतर दहापट पाणी मिसळून बुडात, पानांवर नको.

पाथर्डी_फाटा | २ एप्रिल, रात्री ९:२०

माझ्या डब्यात राखाडी रंगाच्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान, जाड कातडीच्या अळ्या झाल्यात शंभरेक, वळवळ वळवळ. बायको म्हणते सगळं घंटागाडीत टाक.

ओला_कचरा | २ एप्रिल, रात्री ९:४५

टाकू नका! ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या त्या, ती माशी चावत नाही, घरात जेवणावर घोंघावतही नाही. पण खादाड इतक्या की गांडुळांच्या वाट्याचं संपवतात आणि डबा तापवतात. खाणं उघडं राहिलं, ओलं राहिलं की येतात. चमच्याने वेचून पहिल्या डब्यात टाका, तिथे त्या कामाच्या. गांडुळांच्या डब्यात खाणं कागदाखाली दाबत जा.

सिडकोची_गच्ची | ११ मे, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय, मुलाच्या सुट्ट्या चालू आहेत. बादली आता जिन्याखाली आहे, चारी बाजूंनी सावली, पायाखाली विटा आणि विटा पाण्याच्या ताटलीत, मुंग्या बंद. परवा पहिलं खत चाळलं, चार दिवस पाणी बंद ठेवून मग उजेडात ढीग केला, गांडुळं खाली खाली जातात तसं वरवरचं काढत गेले. पिठाच्या जुन्या चाळणीने दोन किलो निघालं, चहापूड दिसते अगदी. मोगऱ्याला घातलं.

सासूबाईंनी स्वतःचा नियम केलाय. जेवणाची ताटं झाली की पहिल्या डब्यात काय जाणार, गांडुळांना काय आणि गायीला काय याच्या तीन वाट्या करतात. भात-पोळी गायीची. माझा हात चुकीच्या वाटीकडे गेला तर मलाच ओरडतात.

अण्णा_पंचवटी | १२ मे, सकाळी ६:०२

छान. मी आता बरी जात आणावी म्हणतो. कुठे मिळेल?

निफाडचा_बागाईतदार | १२ मे, सकाळी ६:३०

गंगापूर रोडला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे तिथे विचारून बघा अण्णा, नाहीतर पावसाळा लागला की मी नाशकात येतो तेव्हा अर्धा किलो आणून देतो. उन्हात प्रवासात मरतील, आत्ता नको.

नवीन_सभासद_७१ | १२ मे, दुपारी ३:४८

संपूर्ण धागा वाचला, फार उपयुक्त. एकच शंका, वांग्याचे देठ चालतात का?

ओला_कचरा | १२ मे, दुपारी ४:१०

चालतात. काटे आणि टोपी पहिल्या डब्यात, बारीक चिरून.